श्वानांमधील लैंगिक विकासाचे विकार : स्वरूप, निदान आणि उपचार

गर्भात नराचे किंवा मादीचे शरीर घडत असताना त्या क्रमात कोठे खंड पडला, तर गुणसूत्रे, जननग्रंथी आणि बाह्य जननेंद्रिये यांचा परस्परांशी मेळ राहत नाही, अथवा त्यांपैकी एखाद्याची वाढ अपुरी राहते. अशा जन्मजात अवस्थांना एकत्रितपणे ‘लैंगिक विकासाचे विकार’ म्हटले जाते. माणसाप्रमाणेच गाय, शेळी, डुक्कर, घोडा, मांजर आणि कुत्रा या सस्तन प्राण्यांतही ते आढळतात. वृषण खाली न उतरण्याचा दोष सोडला, तर श्वानांत हे विकार विरळाच. मात्र त्यांतील बरेचसे पिल्लू वयात येईपर्यंत लक्षात येत नाहीत, आणि लक्षात आल्यावरही संकोचामुळे त्याला पशुवैद्याकडे नेण्यास विलंब होतो. हा विलंब काही वेळा जिवावर बेततो; कारण पोटात दडलेले वृषण किंवा कोणाच्या ध्यानीमनी नसलेले गर्भाशय पुढे गाठीचे अथवा पू साठण्याचे ठिकाण ठरते.

संज्ञेविषयी

पूर्वीच्या पशुवैद्यकीय ग्रंथांत अशा प्राण्यांना ‘उभयलिंगी’ किंवा ‘छद्म-उभयलिंगी’ म्हणत. या संज्ञा संदिग्ध होत्या. एखाद्या प्राण्यात नेमके काय बिघडले आहे, हे त्यांवरून कळत नसे. मानवी वैद्यकात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्राने त्या संज्ञा बाजूला सारून ‘लैंगिक विकासाचे विकार’ ही संज्ञा सुचविली आणि विकारांची मांडणी गुणसूत्रांच्या आधारे केली. पशुवैद्यकानेही तीच पद्धत स्वीकारली. तीनुसार तीन मुख्य गट पडतात : लिंगगुणसूत्रांच्या संख्येतील वा रचनेतील विकार, मादीची म्हणजे एक्सएक्स गुणसूत्रे असलेल्या प्राण्यांतील विकार, आणि नराची म्हणजे एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या प्राण्यांतील विकार.

नर आणि मादी कसे घडतात?

कुत्र्याच्या प्रत्येक पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी ७६ म्हणजे ३८ जोड्या सामान्य गुणसूत्रांच्या, तर उरलेली दोन लिंगगुणसूत्रे असतात. मादीत दोन एक्स, नरात एक एक्स व एक वाय. सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्याची गुणसूत्रे वेगवेगळी ओळखणे कठीण असते. कारण सामान्य गुणसूत्रे आकाराने एकमेकांसारखी आणि एका टोकाशी आवळलेली दिसतात. परंतु मोठे एक्स आणि इवलेसे वाय ही दोन त्या गर्दीत चटकन उठून दिसतात. लिंगविषयक तपासणीला याची चांगली मदत होते.

लिंगघडणीचा क्रम तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा फलनाच्या क्षणी पूर्ण होतो : शुक्राणूने एक्स आणला की वाय, यावर गुणसूत्रीय लिंग ठरते. दुसरा टप्पा जननग्रंथींचा. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्याच्या पूर्वार्धात नर-मादी गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच असतात. वाय गुणसूत्रावरील ‘एसआरवाय’ नावाचे जनुक कार्यान्वित झाले की त्या ग्रंथीचे वृषण होऊ लागते. माणसातील हे जनुक १९९० साली शोधले गेले आणि पुढच्याच वर्षी मादी उंदराच्या भ्रूणात ते घातल्यास त्यात वृषण तयार होतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले. एसआरवायचे काम दिवा पेटविण्यासारखे आहे. तो पेटल्यावर ‘सॉक्स ९’ हे दुसरे जनुक पुढची बांधणी हाती घेते. एसआरवाय नसेल, तर जनुकांचा दुसरा संच काम सुरू करतो आणि त्याच ग्रंथीचे अंडाशय बनते.

तिसरा टप्पा शरीररचनेचा. प्रत्येक गर्भात आरंभी नलिकांच्या दोन जोड्या असतात. म्युलेरी नलिकांपासून अंडवाहिन्या, गर्भाशय आणि योनीचा आतील भाग तयार होतो. वुल्फी नलिकांपासून शुक्रवाहिन्या व त्यांच्याशी संबंधित भाग होतात. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४७च्या सुमारास सशांच्या गर्भांतील जननग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा त्या गर्भांची शरीररचना, गुणसूत्रे कोणतीही असोत, मादीसारखीच झाली. नराचे शरीर घडण्यासाठी वृषणाकडून सतत आदेश यावे लागतात, हे यातून स्पष्ट झाले. हे आदेश मुख्यतः दोन : वृषणातील सर्टोली पेशींकडून येणारे अँटी-म्युलेरियन हार्मोन, संक्षेपाने एएमएच, म्युलेरी नलिका विरघळवून टाकते, आणि लायडिग पेशींकडून येणारे टेस्टोस्टेरॉन वुल्फी नलिका टिकवून ठेवते. टेस्टोस्टेरॉनचेच रूपांतर होऊन बनलेले अधिक प्रभावी संप्रेरक शिश्न, वृषणकोश आणि मूत्रमार्ग घडविते.

एवढी साखळी ध्यानात घेतली, की पुढील सर्व विकार तिच्यातील कोणती ना कोणती कडी तुटल्याने होतात, हे समजणे सोपे जाते.

पहिला गट : लिंगगुणसूत्रांचे विकार

शुक्राणू किंवा अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकली, तर पिल्लाच्या वाट्याला एखादे लिंगगुणसूत्र कमी वा अधिक येते. दोन एक्स आणि एक वाय अशी ७९ गुणसूत्रे असलेला कुत्रा दिसायला नर असतो. मात्र त्याचे वृषण लहान राहतात आणि शुक्राणू तयार होत नाहीत. काळ्या-तांबूस ठिपक्यांचे मांजर बहुधा मादीच असते आणि क्वचित बोका निघालाच तर तो वांझ असतो, हे मांजर पाळणाऱ्यांना ठाऊक असते. त्या बोक्यातही बहुतेक वेळा हीच गुणसूत्ररचना असते.

एकच एक्स असलेली ७७ गुणसूत्रांची कुत्री दिसायला मादी असते, परंतु तिचे अंडाशय पुरते विकसित होत नाहीत. ती बहुधा माजावर येत नाही. तीन एक्स असलेल्या मादीतही माज न येणे किंवा अनियमित येणे, अशी तक्रार आढळते. कुत्रीचा पहिला माज जातीनुसार सहाव्या महिन्यापासून पुढे केव्हाही येऊ शकतो. मोठ्या जातींत तो उशिरा येतो. दोन वर्षे उलटूनही माज दिसला नाही, तर या शक्यतेचा विचार करावा. त्याआधी माज येऊन गेला आणि घरच्यांच्या लक्षात आला नाही, असे तर झाले नाही ना, हे रक्तातील प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीने पाहता येते.

काही प्राण्यांत दोन प्रकारच्या पेशी एकाच शरीरात नांदतात. काही पेशी एक्सएक्स, काही एक्सवाय. अशा प्राण्याच्या जननग्रंथींत अंडाशय व वृषण या दोहोंचा अंश असू शकतो. या गटातील विकार वाटणीतल्या अपघाताने होतात. ते सहसा आईवडिलांकडून वारशाने येत नाहीत, म्हणून कोणत्याही जातीच्या वा गावठी कुत्र्यातही उद्भवू शकतात.

दुसरा गट : एक्सएक्स कुत्र्यांतील विकार

श्वानांतील सर्वाधिक अभ्यासलेला विकार या गटात मोडतो. प्राण्याची गुणसूत्रे मादीची असतात, एसआरवाय जनुक नसते, तरीही जननग्रंथीत वृषणाची ऊती तयार होते. कधी ग्रंथी अर्धी अंडाशयाची व अर्धी वृषणाची असते. कधी ती पूर्ण वृषणच असते. अमेरिकन कॉकर स्पॅनिएल या जातीत याचा आनुवंशिक अभ्यास प्रथम तपशीलवार झाला. त्यानंतर बीगल, पग, फ्रेंच बुलडॉग, वाइमरानर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर अशा दोन डझनांहून अधिक जातींत तो नोंदविला गेला आहे. यांपैकी बीगल आणि पग आपल्याकडे घरोघरी दिसतात.

अशी कुत्री जन्मतः मादीच वाटते. सहा महिने ते एक वर्ष या वयात, वृषण-ऊतीतून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागल्यावर, तिची शिश्निका मोठी होऊन योनीमुखातून बाहेर डोकावू लागते. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असते. सामान्य मादीत असे हाड नसते. या विकारात मोठ्या झालेल्या शिश्निकेत ते तयार झालेले अनेकदा आढळते आणि क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसते. योनीमुख नेहमीच्या जागेपेक्षा पुढे, पोटाच्या बाजूला सरकलेले असू शकते. मादी नरासारखा पाय वर करून लघवी करते, इतर कुत्र्यांवर चढते. बाहेर आलेला भाग जमिनीवर घासून सुजतो, त्याला जखमा होतात, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. आत गर्भाशयही असते.

एसआरवाय नसताना वृषण कसे बनते, हे कोडे अनेक वर्षे संशोधकांपुढे होते. काही श्वानांत सॉक्स ९ जनुकाच्या आसपासच्या भागात फेरफार आढळले आहेत. वर दिलेल्या उपमेत सांगायचे, तर दिवा न पेटताही बांधणी करणारा कामाला लागला. मात्र सर्व जातींतील प्रकरणांना एकच कारण लागू पडत नाही.

तिसरा गट : एक्सवाय कुत्र्यांतील विकार

*म्युलेरी नलिका टिकून राहणे.* या विकारात कुत्रा सर्वार्थाने नर असतो, परंतु त्याच्या पोटात गर्भाशय व अंडवाहिन्याही असतात. वृषण एएमएच तयार करते. ते स्वीकारणारा ग्राहक मात्र सदोष असतो, त्यामुळे म्युलेरी नलिका विरघळत नाहीत. मिनिएचर श्नाउझर जातीत हा दोष घडविणारा जनुकीय बदल निश्चित झाला असून त्यासाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. बॅसेट हाउंड जातीतही हा विकार नोंदलेला आहे. बाधित नरांपैकी साधारण निम्म्यांत एक वा दोन्ही वृषणे खाली उतरत नाहीत. उरलेल्या निम्म्यांत बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही, ते पिता होऊ शकतात आणि दोष पुढच्या पिढीकडे सोपवितात. पुढे या ‘नराच्या’ गर्भाशयात पू साठतो, पोट फुगते, ताप येतो, तहान वाढते. नर कुत्र्यात गर्भाशयाचा विचार कोणाच्या मनात येत नसल्याने निदान लांबते.

*संप्रेरकाला प्रतिसाद नसणे.* वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करते, पण शरीरातील पेशी ते ओळखतच नाहीत. अशा एक्सवाय कुत्र्याचे बाह्य रूप मादीचे असते, गर्भाशय नसते आणि वृषणे पोटात किंवा जांघेत असतात. या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने दोष आईकडून येतो. श्वानांत हा प्रकार फार विरळ आहे.

*मूत्रमार्गाचे द्वार चुकीच्या जागी असणे.* शिश्नाच्या टोकाऐवजी त्याच्या खालच्या बाजूस, वृषणकोशाजवळ किंवा गुदद्वाराखाली मूत्रद्वार उघडते. बॉस्टन टेरिअर जातीत हा दोष तुलनेने अधिक नोंदलेला आहे. लघवी भलतीकडे पसरून कातडी सतत ओली राहते, तिला दाह होतो. दमट हवेच्या किनारपट्टीत ही जखम लवकर चिघळते. दोष सौम्य असेल तर स्वच्छता पुरते. तीव्र असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते.

*न उतरलेले वृषण.* या गटात सर्वांत सर्रास आढळणारा दोष हाच. गर्भात वृषणे मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्मानंतर पहिल्या दहाएक दिवसांत वृषणकोशात पोहोचतात. आठव्या आठवड्यापर्यंत ती हाताला लागायला हवीत. सहाव्या महिन्यानंतर ती उतरण्याची आशा धरू नये. चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, पूडल, मिनिएचर श्नाउझर, बॉक्सर या जातींत हा दोष अधिक दिसतो. पोटातील उष्णतेमुळे अशा वृषणात शुक्राणू बनत नाहीत. टेस्टोस्टेरॉन मात्र तयार होतच राहते. म्हणून दोन्ही वृषणे आत असलेला कुत्रा वांझ असूनही वागतो नरासारखाच, आणि एकच आत असलेला कुत्रा पिताही होऊ शकतो.

न उतरलेल्या वृषणात कर्करोगाची गाठ होण्याचा धोका सामान्य वृषणाच्या सुमारे दहा पट असतो. त्यातील सर्टोली पेशींची गाठ इस्ट्रोजेन निर्माण करते. मग नराची स्तनाग्रे मोठी होतात, दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात गळतात, इतर नर त्याच्यामागे लागतात. वाढलेले इस्ट्रोजेन अस्थिमज्जेची रक्तपेशी बनविण्याची क्षमता दडपून टाकते आणि कुत्रा रक्तक्षयाने व रक्तस्रावाने दगावू शकतो. गाठ पसरण्याआधीच हे घडू शकते, म्हणून वृषण वेळीच काढणे हाच उपाय.

बाहेरून होणारा परिणाम

सर्वच विकार जनुकांतून येत नाहीत. गाभण कुत्रीला नर-संप्रेरके किंवा काही कृत्रिम प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे दिली गेली, तर तिच्या मादी पिल्लांच्या बाह्य जननेंद्रियांवर नराची छाप पडू शकते. अशा पिल्लांचे अंडाशय सामान्य असतात. माज लांबविण्यासाठी वा गर्भ टिकविण्यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याविना संप्रेरके देणे यासाठीच घातक आहे.

गोठ्यातील दाखले

पशुपालकांना या विषयाशी मिळतेजुळते दोन अनुभव परिचित असतील. गाईला खोंड व कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. गर्भात दोघांच्या रक्तवाहिन्या जुळतात आणि नराचे एएमएच मादीच्या जननेंद्रियांची वाढ खुंटविते. कुत्रीच्या वेतात नर-मादी पिल्ले दाटीने एकत्र वाढतात, पण त्यांच्या रक्तवाहिन्या सहसा जुळत नाहीत. म्हणून भावासोबत जन्मली म्हणून कुत्री वांझ होत नाही.

दुसरा दाखला भुंड्या शेळ्यांचा. जन्मतः शिंगे नसलेल्या बोकडाचा भुंड्या शेळीशी संयोग केला, तर काही करडांत मादीची गुणसूत्रे असूनही नराची लक्षणे येतात. शिंगे नसणे आणि हा विकार ही दोन्ही एकाच ११.७ हजार आधारजोड्यांच्या जनुकीय तुटीमुळे होतात, हे २००१ साली सिद्ध झाले. पैदाशीत एक सोयीचा गुण निवडताना दुसरा दोष नकळत सोबत कसा येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लक्षण एक, कारणे अनेक

मादीच्या योनीमुखातून काही बाहेर आले, की तो लैंगिक विकासाचाच विकार, असे समजू नये. आपल्याकडे, विशेषतः मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत, संभोगातून पसरणारी अर्बुदाची गाठ बरीच दिसते. ती फुलकोबीसारखी, ठिसूळ, रक्त गळणारी असते आणि व्हिंक्रिस्टीन या औषधाने बहुधा पूर्ण बरी होते. माजाच्या काळात योनीची आतील त्वचा सुजून बाहेर येते, तीही गुलाबी गोळ्यासारखी दिसते आणि माज सरल्यावर ओसरते. शिश्निका मोठी झाली असेल, तर बाहेर आलेला भाग लांबट असून स्पर्शाला त्यात टणक हाड जाणवू शकते. तिन्हींचे उपचार वेगळे. म्हणून पशुवैद्याने पाहिल्याविना मलम वा धागा बांधण्यासारखे घरगुती उपाय करू नयेत.

निदान

तपासणी बाहेरून आत जाते. प्रथम जननेंद्रियांची जागा, आकार आणि वृषणे हाताला लागतात का, हे पाहिले जाते. मग सोनोग्राफीने पोटातील गर्भाशय व जननग्रंथी शोधल्या जातात, क्ष-किरणाने शिश्निकेतील हाड. ‘हिचे अंडाशय पूर्वीच काढले आहेत’ किंवा ‘याची नसबंदी झाली आहे’ असे सांगितलेल्या प्राण्यात जननग्रंथी शिल्लक आहे का, हे रक्तातील एएमएचच्या प्रमाणावरून कळते. वृषण-ऊती आहे का, हे ठरविण्यासाठी उत्तेजक संप्रेरक टोचून आधी व नंतर टेस्टोस्टेरॉन मोजतात.

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्तातील जिवंत पेशी लागतात. त्यामुळे नमुना न गोठविता लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. एसआरवाय जनुक आहे की नाही, हे पाहणारी डीएनए चाचणी तुलनेने सोपी असून तिचा नमुना दूरवर पाठविता येतो. अंतिम निवाडा मात्र काढलेल्या ग्रंथीच्या सूक्ष्मदर्शी तपासणीचा. शस्त्रक्रियेत निघालेली ग्रंथी फेकून न देता फॉर्मालिनमध्ये ठेवून तपासणीस पाठवावी, असा आग्रह मालकाने धरावा. कुत्रा वाचतोच, शिवाय त्याच्या भावंडांविषयीचा निर्णयही त्या एका अहवालावर ठरतो.

उपचार

बहुतेक विकारांत उपचाराचे सूत्र एकच आहे : सदोष जननग्रंथी आणि गर्भाशय असल्यास तेही काढून टाकणे. त्यामुळे गाठीचा व पू साठण्याचा धोका संपतो. टेस्टोस्टेरॉन थांबल्याने शिश्निका काहीशी लहान होते. परंतु आत हाड असेल, सतत जखम होत असेल, तर ती स्वतंत्र शस्त्रक्रियेने काढावी लागते. म्युलेरी नलिका टिकून राहिलेल्या नरात केवळ वृषणे काढून भागत नाही. मागे राहिलेल्या गर्भाशयात पुढे पू साठू शकतो. न उतरलेले वृषण शस्त्रक्रियेने खाली ओढून वृषणकोशात बसविणे अयोग्य मानले जाते, कारण त्याने दोष लपतो आणि वंशात राहतो. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन वृषण उतरविण्याच्या प्रयत्नांनाही भरवशाचा आधार नाही.

शस्त्रक्रियेनंतर असे कुत्रे इतर कोणत्याही कुत्र्याइतकेच निरोगी आयुष्य जगतात. त्यांची राखण, माया, खेळ, खाणेपिणे यांत काही उणे नसते. त्यांना हिणवणे, रस्त्यावर सोडून देणे किंवा ‘अपशकुनी’ ठरविणे, यांना कोणताही आधार नाही.

आनुवंशिकता आणि पैदास

अमेरिकन कॉकर स्पॅनिएलमधील एक्सएक्स विकार आणि मिनिएचर श्नाउझरमधील म्युलेरी नलिकांचा विकार, हे दोन्ही अप्रभावी जनुकामुळे होतात. आई व वडील, दोघांकडून सदोष प्रत आली तरच पिल्लू बाधित ठरते. दोन वाहकांचा संयोग झाला, तर सरासरी चार पिल्लांपैकी एकात दोन्ही प्रती सदोष असतात. परंतु विकार एकाच लिंगात प्रकटतो, आणि पिल्लांपैकी निम्मीच त्या लिंगाची असतात. म्हणून प्रत्यक्ष बाधित दिसते ते आठांतील एक. उरलेली सात पिल्ले धडधाकट दिसतात, पैदास करणारा निश्चिंत होतो, आणि दोष पसरतो.

एक्सएक्स विकाराचे उदाहरण पुढे नेले, तर बाधित कुत्रीच्या निरोगी बहिणींपैकी तीनांतील दोघी वाहक असण्याची शक्यता असते. भावांचे तर याहून अवघड : चारांतील तीन भावांकडे सदोष जनुक असते, आणि त्यांतील एकाकडे दोन्ही प्रती सदोष असूनही तो पूर्ण निरोगी व प्रजननक्षम नर दिसतो. त्यामुळे एका वेतात असे एक पिल्लू निघाले, तर त्या आईवडिलांचा संयोग पुन्हा करू नये, आणि भावंडांनाही पैदाशीपासून दूर ठेवावे. वृषण न उतरण्याच्या दोषाचा वारसा इतका सरळ नाही. त्यात अनेक जनुकांचा हात असावा, असे मानतात. तरीही तो आई-वडील दोघांकडून येतो, म्हणून केवळ नराला दोष देऊन आईची पैदास चालू ठेवणे चूक आहे.

जवळच्या नात्यात वारंवार संयोग केल्याने असे दडलेले जनुक वर येते. आपल्या परिसरातील मुधोळ शिकारी कुत्र्याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या जातीची निगा राखली आणि राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली होती. मर्यादित संख्येतून जपलेल्या कोणत्याही जातीत वंशावळीची चोख नोंद ठेवणे, हेच अशा दोषांवरचे पहिले कुंपण ठरते.

कायदा आणि व्यवहार

श्वानपैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. नर पिल्लाची वृषणे हाताला लागायला हवीत, तो काळही हाच. म्हणून पिल्लू घरी आणण्यापूर्वी पशुवैद्याकडून एकदा तपासून घेतले, तर पुढचा मनस्ताप टळतो. श्वानप्रदर्शनांतही नराची दोन्ही वृषणे वृषणकोशात असणे ही अट असते.

भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी सध्या प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ लागू आहेत. गोव्यासह सर्वत्र या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत असल्याने शल्यविशारदासमोर कधीतरी असा प्राणी येणे स्वाभाविक आहे. मादी समजून पोट उघडल्यावर अंडाशयाच्या जागी वृषण दिसले, किंवा नराच्या पोटात गर्भाशय सापडले, तर सर्व भाग काढून त्याची नोंद व्हावी. रस्त्यावरील प्राण्याला पुढे कोणी सोनोग्राफीला नेणार नसते; त्याच्यासाठी ती शस्त्रक्रिया हीच पहिली व अखेरची संधी असते.

पालकांनी काय पाहावे

पिल्लू आणताना : नराची दोन्ही वृषणे, लघवीची धार कोठून येते, मादीचे योनीमुख योग्य जागी आहे का. सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत : योनीमुखातून काही बाहेर येते का, लघवी करताना ताण वा दुर्गंधी आहे का, माज आला का व केव्हा, याची तारीखवार नोंद. पुढील वयात : नराची स्तनाग्रे वाढणे, कुशींवरचे केस गळणे, पोट फुगणे, तहान वाढणे, जांघेत गाठ लागणे. यांपैकी काहीही दिसले तर लाजून थांबू नये. पशुवैद्यासाठी तो मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या आजारासारखाच एक आजार आहे, आणि योग्य वेळी हाती घेतला तर बहुधा एकाच शस्त्रक्रियेत निकाली निघतो.